दोन पानं एकदम

सभागृहाच्या हजेरीपुस्तकात त्याचं नाव 'पानउलटे' असं लागलं होतं. पहिल्या दिवशी दारावरच्या माणसानं "कोण आपण?" म्हणून विचारलं, आणि हा बिचारा एवढं मोठं दार, एवढे चकचकीत दिवे बघून असा गांगरला की नाव सांगायचं सोडून काम सांगून बसला, "पानं उलटायला आलोय." दारावरच्यानं शांतपणे तेवढंच लिहून घेतलं, जणू सात पिढ्यांचं आडनाव. पुढे ते खोडायचे कष्ट कोणी घेतले नाहीत, त्यानंही नाही. एरवी सगळे त्याला बाइंडर म्हणत, कारण दिवसभर तो तेच होता. छापखान्याच्या मागच्या अंगाला, उंच खिडक्यांच्या लांबट खोलीत, पुठ्ठे, शिवणीचा दोरा, खळीचं पातेलं आणि लाकडी दाबयंत्र यांच्यामध्ये उभा असलेला, कमी बोलणारा माणूस.

पियानो वाजवणाऱ्याशेजारी बसून पानं उलटायची, हे काय काम झालं, असं कोणालाही वाटेल. त्याच्या बायकोला तर वाटायचंच. "अहो, वाऱ्यानंही उलटतात पानं," ती म्हणायची. "त्याला कोणी काळा कोट घालून बोलावत नाही." पण ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला, किंचित मागे बसायचं. अंगठी नको, अत्तर नको, करकरणारे बूट नकोत. शेवटच्या ओळीला खुर्चीचा आवाज न करता उठायचं, पानाचा वरचा कोपरा चिमटीत धरायचा, मनगट सुरांच्या आड येऊ द्यायचं नाही. मानेची एवढीशी खूण झाली की पान असं फिरवायचं, की ते आपणहून फिरलं असं बघणाऱ्याला वाटावं. मग परत बसायचं. टाळ्या पडल्या तरी वाकायचं नाही, हसायचं नाही. भर उजेडात, शेकडो डोळ्यांसमोर बसून न दिसणं ही मोठी कला आहे. रंगमंचावर उभी हयात घालवलेल्या भल्याभल्यांना ती जमत नाही.

बाइंडरला ती जमली. त्याला स्वतःला एक सूर वाजवता येत नव्हता, पण कागदावरचे सूर वाचता येत होते. बाईंच्या घरी लहान मुलांच्या वर्गात मागच्या स्टुलावर बसून तो ते शिकला. आठ वर्षांची पोरं वळून वळून बघायची. "काका, तुम्ही नापास झालात का?" एकीनं विचारलं होतं. "हो," तो म्हणाला, "तुमच्याच वर्गात."

बाई म्हणजे पियानोवाल्या बाई. ताठ, सडपातळ, केस घट्ट बांधलेले, बोलणं कात्रीनं कापल्यासारखं. एका सकाळी त्या बाइंडरीत आल्या त्या पानं सुटलेलं एक संगीताचं पुस्तक घेऊन. एका अल्पायुषी संगीतकारानं दीडशे वर्षांपूर्वी एकट्या पियानोसाठी लिहिलेली 'फँटसी' ही रचना त्यात होती. सव्वीस मिनिटं, मध्ये विसावा नाही. आधी मोठं वादळ, मग मधोमध एक लहानसं गाणं, मग पुन्हा वादळ आणि त्यातच शेवट. बाइंडरनं ते पुस्तक असं शिवलं की पियानोवर ठेवल्यावर ते उघडं पडून राहायचं, मिटायला बघायचं नाही. आठ दिवसांनी बाई पुन्हा आल्या. "हे पुस्तक माझं ऐकतं," त्या म्हणाल्या. "कोपरे तुम्ही मुद्दाम मोकळे ठेवलेत. पानं उलटायला याल?"

अशी सुरुवात. पुढे अठरा वर्षं बाई जिथे वाजवतील तिथे डाव्या हाताला बाइंडर.

बाकीचे वादक पाठ वाजवत. बाई पुस्तक समोर ठेवत. लोक कुजबुजत, की हिला भरवसा नाही स्वतःचा. बाई म्हणत, "मी सर्कस करत नाही. त्यानं लिहिलंय ते वाचून दाखवते." आणि त्या फँटसीबद्दल म्हणत, "वादळ कोणीही वाजवतं, बाइंडर, त्याला मनगटं लागतात. हे सगळं वादळ त्या मधल्या गाण्यासाठी आहे. पावणेतीन मिनिटं. ते वाजवायला निम्मं आयुष्य जावं लागतं."

ते गाणं पुस्तकात चौदा आणि पंधरा या समोरासमोरच्या पानांवर होतं. अगदी तेवढ्यावरच.

तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाई तेव्हा एकोणसाठ वर्षांच्या, बाइंडर अठ्ठेचाळीसचा. फँटसीचा कार्यक्रम सभागृहात व्हायचा होता, रेडिओवरून थेट जायचा होता आणि त्याचीच पुढे रेकॉर्ड निघायची होती. बाईंची ती पहिलीच रेकॉर्ड. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चौदाव्या पानाची कड फाटली. बाईंनी पुस्तक बाइंडरकडे दिलं.

त्यानं झिरझिरीत कागदाची पट्टी खळीनं चिकटवली, मध्ये मेणकागद घातला आणि पुस्तक दाबाखाली ठेवलं. अशी डागडुजी पुरा एक दिवस वजनाखाली राहावी लागते. पण दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या वह्यांचा ढीग आला, दाबयंत्र मोकळं करायला लागलं आणि त्यानं पुस्तक काढून घेतलं. बोट फिरवून बघितलं. कोरडं लागलं. मेणकागद काढला. खळीचा मोहरीएवढा एक थेंब पट्टीच्या कडेनं बाहेर आला होता तो त्याला दिसला नाही.

कार्यक्रमाआधी पानं उलटणारा माणूस पुस्तकाची पानं एकेक करून सुटी करून घेतो. तसा रिवाजच आहे. बाइंडर तो कधी चुकवत नसे. त्या दिवशी त्यानं पहिली बारा पानं सुटी केली आणि तिथे थांबला. पुढचं त्यानं स्वतः दुरुस्त केलेलं होतं. दुसऱ्या कोणाच्या हातचं असतं तर चारदा तपासलं असतं. स्वतःच्या हातावर कारागिराचा विश्वास असतो, आणि त्या विश्वासानंच घात केला.

सभागृह गच्च भरलेलं. दिव्यांची धग, माणसांचा दमट श्वास. वादळ संपत आलं. तेराव्या पानाची शेवटची ओळ आली, बाइंडर उठला, कोपरा धरला, मान हलली, पान फिरलं. फिरताना ते बोटाला जरासं जड लागलं. तेवढंच. तो खाली बसतोय तोवर त्याला समोर पानाचा आकडा दिसला. सोळा.

बाईंची नजर सोळाव्या पानावर गेली आणि नजरेमागे हात गेले. एक क्षणही न थांबता. पहिल्या वादळातून थेट दुसऱ्या वादळात. सूर इतके जवळचे होते की सांधा कुठे दिसलाही नाही. मागच्या रांगांना काही कळलं नाही. पुढच्या रांगेत एका बाईनं तोंडावर हात ठेवला. बाइंडर खुर्चीत बसून होता. पान मागे घ्यावं तर सगळं कोसळेल, न घ्यावं तर गाणं गेलं. आणि गाणं तर केव्हाच गेलं होतं. पुढची पानं त्यानं बिनचूक उलटली. बाईंनी शेवट असा वाजवला की टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंच्या घरी गेला. पुस्तक उघडून चिकटलेली जागा दाखवली. खळ, मेणकागद, वह्या, सगळं सांगितलं. "चूक माझी आहे. मी रेडिओवाल्यांना सांगतो. वर्तमानपत्रात छापून आणतो."

बाई खिडकीशी उभ्या होत्या. "काय छापाल?"

"की पानं चिकटली होती."

"आणि लोक काय म्हणतील? बाईनं आपलं खापर गरीब बाइंडरच्या डोक्यावर फोडलं." त्या वळल्या. "पान तुम्ही उलटलंत. वाजवलं मी. चाळीस वर्षं मी म्हणत आले की ही रचना माझ्या बोटांत आहे. बोटांत असती तर कागदावर सोळा दिसल्यावरही हात चौदाव्या पानावर गेले असते. ती कागदात होती. हे काल मला कळलं. तुम्ही कोणालाही काही सांगायचं नाही."

"पण बाई..."

"शब्द द्या."

त्यानं शब्द दिला. पुस्तक घरी नेलं, वाफेवर धरून ती पानं सोडवली आणि अशी निगुतीनं दुरुस्त केली की डाग म्हणून राहिला नाही. तेवढंच त्याच्या हातात होतं.

रेकॉर्ड निघाली. 'वाजवलं ते वाजवलं' म्हणून बाईंनी ती थांबवली नाही. वर्तमानपत्रांनी लिहिलं, बाई विसरल्या. कोणी हळहळून लिहिलं, कोणी नाक मुरडून. एकानं लिहिलं, पुस्तक समोर ठेवूनही ज्यांना आठवत नाही त्यांनी आता घरी बसावं. दोन वर्षांत बोलावणी आटली. तिसऱ्या वर्षी बाईंनी शिकवण्या बंद केल्या आणि पियानोचं झाकण लावलं ते लावलंच.

बाइंडर मात्र दर रविवारी सकाळी जात राहिला. बायको म्हणायची, "एखादीला सवत असते ती माणूस तरी असते. माझ्या नशिबी पियानो." पण डब्यात काहीतरी घालून द्यायची आणि बाईंचा रिकामा डबा परत आला नाही तर त्याची हजेरी घ्यायची. तिला सगळं ठाऊक होतं. दिलेल्या शब्दात बायको मोजायची नसते, असं तिनंच ठरवून टाकलं होतं.

रविवारी दोघं एकच काम करत. त्याच फँटसीच्या दुसऱ्या वादकांच्या रेकॉर्डी लावायच्या आणि एकमेकींशी ताडून बघायच्या. सहा होत्या. नावं बाईंनी ठेवलेली. 'घड्याळजी' हा एक जण, प्रत्येक सूर वेळेवर, कार्यालयात शिक्का मारावा तसा. 'लगीनघाई' गाणं दोन मिनिटांच्या आत उरकायचा. 'हुंदका' प्रत्येक सुराआधी इतका थांबायचा की बाई म्हणत, "चहा टाकून या, बाइंडर, तोवर पुढचा सूर येईल." एकीचं वाजवणं काचेसारखं लख्ख, तिचं नाव 'आरसेमहाल'. एक भर सभेत ध्वनिमुद्रित झालेली, लोकांच्या खोकल्यांनी भरलेली, तिला दोघं 'सर्दी' म्हणत. आणि सहावी 'आजोबा'. ऐंशीच्या घरात वाजवलेली. बोटं अडखळत, वादळात तर चक्क चिखल. पण गाण्याच्या तिसऱ्या ओळीत एक सूर आजोबांकडून लागतच नाही. तिथे नुसती जागा राहते.

"चुकला," बाइंडर पहिल्यांदा म्हणाला.

"बोट पोचलं नाही त्याचं," बाई म्हणाल्या. "कान पोचला. परत लावा."

वादळं ते पुढे पुढे ऐकतच नसत. सुई उचलून थेट गाण्यावर ठेवत. पावणेतीन मिनिटं, सहा वेळा. सातवी रेकॉर्ड, बाईंची, कपाटात होती. ती कधी लागली नाही. लावून करायचं काय, तिच्यात गाणंच नव्हतं. एकदाच, धीर करून त्यानं विचारलं होतं, "बाई, तुम्ही कसं वाजवलं असतंत?" त्यांनी बंद झाकणाकडे बघितलं. "ते आता मलाही नाही सांगता यायचं," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी तो लवकर घरी गेला.

अशी तेवीस वर्षं गेली. बाई ब्याऐंशीच्या झाल्या, फुफ्फुसं थकली, अंथरूण धरलं. भाची येऊन राहिली, मावशीचं सगळं करू लागली. डॉक्टर आता औषध बदलत नव्हते, याचा अर्थ सगळ्यांना कळत होता.

आणि एका संध्याकाळी कपड्यांना इस्त्री करताना बाइंडरच्या बायकोनं रेडिओवर ऐकलं, की येत्या रविवारी सकाळी एका कार्यक्रमात त्या फँटसीच्या सात रेकॉर्डी ताडून बघणार आहेत, क्रम लावणार आहेत. सातवं नाव बाईंचं होतं.

"झालं," बाइंडर म्हणाला. "पुन्हा सगळ्या जगासमोर सांगणार, विसरल्या म्हणून. आणि बाई ऐकणार. भाचीनं उशाशी रेडिओ ठेवलाय."

"मग जा आणि सांगा त्यांना," बायको म्हणाली.

"शब्द दिलाय."

"तेवीस वर्षं पाळलात ना. शब्दालाही म्हातारपण येतं, अहो. जा."

तो गेला. रेडिओ केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर, टेपांच्या डब्यांनी भरलेल्या चिंचोळ्या खोलीत त्या कार्यक्रमाचा परीक्षक बसला होता. तिशीतला, दाढी वाढलेला, गळ्यात थांबघड्याळ. भिंतीवर मोठा तक्ता, त्यात सात नावं आणि प्रत्येकापुढे मिनिटं नि सेकंद. बाईंच्या नावापुढे गाण्याच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती.

"बसा काका. तुम्ही बाईंचे कोण?"

"पानं उलटायचो त्यांची."

परीक्षक उठूनच उभा राहिला. "म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही तिथे होतात? त्यांच्या शेजारी?"

"त्याचंच सांगायला आलोय. ते गाणं जे राहिलं ना..."

"राहिलं म्हणू नका, काका," परीक्षक म्हणाला. त्याचे डोळे लकाकत होते. "तेवीस वर्षं लोकांनी मूर्खासारखं 'राहिलं' म्हटलंय. बाकीच्या सहांनी ते गोड गाणं वाजवलं. ऐकणाऱ्याला कुरवाळलं. बाईंनी ते टाकलं. वादळातून वादळात. सांत्वन नाही म्हणजे नाही. केवढी हिंमत लागत असेल. मी त्यांना पहिला क्रमांक दिलाय."

बाइंडरनं तक्त्यावरच्या त्या आडव्या रेघेकडे बघितलं.

"पहिला?"

"पहिला. यांच्यासारखे दिग्गज मागे टाकून." परीक्षक ज्या रेकॉर्डकडे बोट दाखवत होता ती 'आजोबा' होती. "बाई आजारी आहेत ना, असं ऐकलं. ऐकतील का त्या?"

बाइंडरच्या डोळ्यांसमोर अंथरुणावरच्या बाई आल्या. तेवीस वर्षं मान खाली घालून बसलेल्या. आता कोणीतरी त्यांचं नाव सगळ्यांच्या वर घेणार होतं, आणि हा खळीचा थेंब घेऊन आला होता.

"ऐकतील," तो म्हणाला.

"तुम्ही काहीतरी सांगत होतात."

"काही नाही. त्या चांगलं वाजवायच्या, एवढंच."

जिना उतरताना त्याला हलकं वाटलं. कितीतरी वर्षांनी. रविवारी बायकोनं बजावलं, "तोंड असं करून जाऊ नका. चोरून लाडू खाल्ल्यासारखं दिसतंय."

बाईंच्या खोलीत त्यानं खुर्ची डाव्या बाजूला ओढली, सवयीनं. भाचीनं रेडिओ लावला. परीक्षक एकेका रेकॉर्डीबद्दल बोलत गेला, तुकडे ऐकवत गेला. बाईंचे डोळे मिटलेले होते, पण प्रत्येक तुकड्याला बोट चादरीवर हलत होतं. 'घड्याळजी' लागल्यावर त्या पुटपुटल्या, "शिक्का." 'हुंदका' लागल्यावर भाचीला म्हणाल्या, "चहा टाक." भाचीला काही कळलं नाही. बाइंडर हसला.

मग बाईंची पाळी आली. परीक्षकाचा आवाज चढला. हिंमत, निर्णय, सांत्वन नाकारणारी कलावंत. पहिला क्रमांक. भाचीनं मावशीचा हात धरला, तिचे डोळे भरून आले होते. "मावशी, ऐकलंस? पहिली तू."

बाईंनी डोळे उघडले.

"बंद कर तो," त्या म्हणाल्या. आणि मग, "बाइंडर. तुम्ही याला भेटला होतात?"

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "गुरुवारी."

"सांगितलं नाहीत."

"तो तुमचं इतकं चांगलं बोलत होता, बाई. मला वाटलं, निदान आता तरी..."

"विसरली म्हणाले तेव्हा मी ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं." मध्येच त्यांना दम लागला. भाची पाणी घेऊन वाकली, त्यांनी तिला बाजूला केलं. "खरं सोसता येतं. हा म्हणतो, मी ते गाणं मुद्दाम टाकलं. एखाद्या आईला म्हणावं, पोर हरवलं नाही, तू टाकून दिलंस, शाबास. तसं आहे हे. माझ्याकडून हरवलं, म्हणा. टाकलं म्हणू नका. त्याला सांगा."

"मावशी, त्रास करून नको घेऊस," भाची म्हणाली. "कौतुकच केलंय ना त्यांनी."

"सांगा त्याला, बाइंडर. शब्द परत दिला तुम्हाला."

सोमवारी त्यानं छापखान्यातून फोन केला. परीक्षकानं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, खरे मोठे लोक असंच बोलतात. स्वतःचं मोठेपण त्यांना नको असतं." बाइंडरनं खळीचं सांगितलं, मेणकागदाचं सांगितलं. "हो हो," परीक्षक म्हणाला, "आता प्रसारण तर होऊन गेलंय. पुढच्या वेळी बोलू आपण याच्यावर." त्याच्या आवाजात आदर होता. रागानं फोन ठेवला असता तर बरं झालं असतं.

बाई शुक्रवारी गेल्या. तोवर त्या रोज विचारत होत्या, "सांगितलंत?" बाइंडर म्हणायचा, "सांगितलं." "मग?" "पुढच्या वेळी म्हणतोय." शुक्रवारी पहाटे त्यांनी विचारलं नाही. तेव्हा भाची समजली.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. रंगमंचावर बाईंचा मोठा फोटो, शेजारी झाकण लावलेला पियानो. परीक्षक बोलला, सुंदर बोलला. बाईंची रेकॉर्ड नव्यानं निघणार असल्याचं त्यानं जाहीर केलं. वेष्टनावर त्याचा लेख असणार होता, त्या धाडसी मौनाबद्दल. लोकांनी माना हलवल्या. यातल्याच काही जणांनी तेवीस वर्षांपूर्वी नाकं मुरडली होती.

बाइंडर सातव्या रांगेत बसला होता, काळा कोट घालून, मांडीवर ते पुस्तक घेऊन. आयुष्यात या सभागृहात तो एक शब्द बोलला नव्हता. तो उठला. पुढे गेला. पायऱ्या चढून ध्वनिक्षेपकाशी उभा राहिला.

"मी बाईंची पानं उलटायचो," तो म्हणाला. आवाज ध्वनिक्षेपकात घोगरा आला. "बाईंनी गाणं टाकलं नाही. मी खळ नीट वाळू दिली नाही. माझ्या खळीनं चौदा आणि पंधरा चिकटली. मी दोन पानं एकदम उलटली. बाईंनी ते स्वतःवर घेतलं. त्यांनी मला सांगायला सांगितलंय. ते गाणं त्यांना वाजवायचं होतं. त्यासाठीच त्या वाजवायच्या."

परीक्षक त्याच्याजवळ आला, पुस्तक हातात घेतलं, चौदावं पान उघडून दिव्याखाली तिरकं धरलं. "कुठे, काका?"

बाइंडरनं बघितलं. पंधरावं बघितलं. बोट फिरवलं. काही नव्हतं. स्वतःच्या हातानं त्यानं ती जागा अशी साफ केली होती की आता त्यालाही सापडेना.

परीक्षकानं पहिल्या रांगेतल्या भाचीकडे बघितलं. ती रुमालानं डोळे टिपत म्हणाली, "शेवटी शेवटी मावशीही तसंच म्हणायची. हेही तसंच म्हणतात. काय बोलावं आता."

परीक्षकानं बाइंडरला मिठी मारली. अगदी मनापासून. तो ध्वनिक्षेपकाकडे वळला. "अठरा वर्षं या माणसानं बाईंची पानं उलटली," तो म्हणाला. "आणि आज, त्या नसताना, त्यांचा दोष म्हणून जे जग म्हणत होतं तेसुद्धा हा स्वतःच्या अंगावर घेतोय. अशी निष्ठा आता बघायला मिळत नाही."

"दोष नाही हो," बाइंडर म्हणाला, "मी खरं..." पण तोवर पहिली रांग उठली होती. मग दुसरी. मग सगळं सभागृह.

घरी आला तेव्हा बायको दारातच उभी होती. तिनं त्याचा कोट काढून घेतला, खुर्ची पुढे ओढली.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"सगळं? खळीचं वगैरे?"

"सगळं."

"मग? काय म्हणाले?"

बाइंडर बुटांच्या नाड्या सोडत होता. त्यानं वर बघितलं नाही.

"टाळ्या वाजवल्या," तो म्हणाला.